पाटाखालचा कागद

"आणि महाराज, माल खोटा निघाल्यावर दुकानदाराचं नाव घ्यायला भीती कसली?"

तन्मय रेठरेकरने असं विचारलं आणि पत्र सोमगिरी महाराजांच्या पुढ्यात ठेवलं. मठाच्या छापील, जाड कागदावरचं. शेजारी पेन ठेवलं, तेही टोपण काढून.

महाराज पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"कुणाचं नाव?"

"उत्तम तांबटांचं."

"हं..."

महाराजांनी एक शेंग फोडली. आत दोन दाणे निघाले. एक स्वतः खाल्ला, एक तन्मयच्या हातावर ठेवला. पत्राकडे काही पाहिलं नाही.

आता हा तन्मय कोण, ते सांगायला हवं. पुण्यात मोठ्या कंपनीत संगणकाचं काम करणारा, हुशार, चटपटीत. नोकरी सोडून आठ महिन्यांपूर्वी कातळवाडीच्या मठात आला. मला शिष्य करून घ्या म्हणाला. महाराज म्हणाले, आधी जेव. तेव्हापासून तो जेवत होता आणि महाराजांच्या उजव्या हाताला बसत होता. वाईट मुलगा नव्हे हो, अजिबात नव्हे. फक्त आपलं चुकेल अशी शंका त्याला जन्मात कधी शिवलेली नव्हती.

मठात जुनी बाडं होती, हातानं लिहिलेली, वाळवीनं कडा खाल्लेली. त्यांच्या पानांचे फोटो काढून ते संगणकावर साफ करायचं काम तन्मयनं अंगावर घेतलं होतं. संगणक एका भक्तानं दिलेला, कंपनीतून तयार होऊन आलेला. पण फोटो मोठे आणि संगणकाची मेमरी तोकडी. एक पान उघडायचं म्हणजे तोवर चहा पिऊन यावं.

म्हणून तन्मयनं कराडला उत्तम तांबटांच्या दुकानातून मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या आणल्या. बोटभर रुंद, वीतभरापेक्षा थोड्या लहान. जुनी एक होती ती काढली, नव्या दोन बसवल्या.

आणि वेग? हिशेबानं जेवढा यायला हवा, त्याच्या बरोबर निम्मा.

तन्मयनं सेटिंगं पालथी घातली. मेमरीचा वेग सुरुवातीच्या सेटिंगमध्ये पूर्ण लावला होता, तो पुन्हा तपासला. एक पट्टी काढून पाहिली, मग दुसरी काढून पाहिली. एक असली तरी वेग तेवढाच, दोन असल्या तरी तेवढाच. पंधरा दिवस झटापट करून त्यानं निकाल लावला: पट्ट्या खोट्या. वर लेबल एक, आत माल दुसरा.

बरं, निकाल लावला तो लावला, मनातच ठेवायचा ना. गेल्या गुरुवारी भर पंगतीत उभं राहून सांगून टाकला. खोऱ्यात पत्र पाठवणार, हेही सांगितलं. साठ माणसांनी ऐकलं. आणि आता हे पत्र. खोऱ्यातल्या सगळ्या शाळांना आणि ग्रामपंचायतींना, की उत्तम तांबटांच्या दुकानातून कुणी काही घेऊ नये. खाली महाराजांची सही.

महाराजांची सही म्हणजे त्या खोऱ्यात दगडावरची रेघ. ती झाली, की तांबटांनी दुकानाला कुलूप लावायचं आणि किल्ली कृष्णेत टाकायची.

"तू बसवल्यास पट्ट्या?" महाराजांनी विचारलं.

"मीच बसवल्या."

"कशा?"

"शेजारी शेजारी. जोडी आहे ती, महाराज. एकसारख्या दोन."

"जोडी आहे..." महाराज म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

स्वयंपाकघराच्या दारातून हौसाक्का ऐकत होत्या. मठाचा स्वयंपाक तीस वर्षं त्यांच्याकडे. ज्या दिवशी तन्मयनं संगणकाचा डबा उघडला, त्या दिवशी त्यांनी डब्याला कुंकू लावलं होतं आणि बजावलं होतं, "नवी जोडी हाय बाबा, लांब लांब बसवू नगंस. पूजेला बसवतात तशी शेजारी बसव." तन्मय हसला होता. आणि बसवल्या मात्र शेजारीच. त्यालाही तेच बरोबर वाटलं होतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक घडीचा रंगीत कागद चिकटवलेला होता. तो त्यानं सोलून केरात टाकला होता. असली चित्रं नवख्यांसाठी असतात, असं हौसाक्कांना वर ऐकवलंही होतं.

"सही करता ना, महाराज? आज टपालात टाकतो."

महाराज उठले. उठताना पाट जरासुद्धा हलला नाही. याचं नवल एवढंच, की तो पाट वर्षानुवर्षं एका कोपऱ्याला डुगडुगत असे. हल्ली त्याखाली कुणीतरी काहीतरी सारलेलं होतं.

"जेवण झाल्यावर बघू," महाराज म्हणाले. "तांबट आलेत. त्यांनाही जेवू दे."

तन्मयनं वळून पाहिलं.

फाटकातून उत्तम तांबट येत होते. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, खांद्याला कापडी पिशवी. ज्या पातेल्यात मठाचा भात शिजतो, ते त्यांच्या वडिलांनी ठोकून घडवलेलं. वडील तांब्यापितळेत गेले, मुलगा तारांमध्ये आला. पण माणूस तोच, ठोका चुकला तर रात्रभर झोप न येणारा.

त्यांनी महाराजांना नमस्कार केला आणि तन्मयसमोर येऊन उभे राहिले.

"मालक, दुकानातल्या माझ्या स्वतःच्या संगणकातल्या पट्ट्या काढून आणल्यात. या लावून बघा. खोट्या असतील त्या मी घेऊन जातो." जरा थांबले. "पण एकदा डबा उघडून बघू द्या मला. दोन मिनिटं."

"त्यात तुम्ही काय बघणार?" तन्मय म्हणाला. "मी पंधरा दिवस बघतोय."

तांबटांनी पिशवी खांद्यावरून खाली घेतली. आठवडाभरात दुकानात तीन माणसं आली होती. दोन पत्ता विचारायला. हे त्यांनी सांगितलं नाही. पण पिशवीचा बंद ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते, ते महाराजांनी पाहिलं.

"उत्तमराव, आज वाढायला याल?"

"येतो की, महाराज."

"तन्मय, तूही."

तन्मयनं आठ महिन्यांत कधी वाढलं नव्हतं. तो महाराजांशेजारी बसून, पंगतीत कुणाचं काय चुकतं ते पाहायचा. पण आज्ञा ती आज्ञा. त्यानं बाह्या सरसावल्या.

मठाच्या पडवीत गुरुवारी दोन ओळी बसतात. एक नदीकडची, एक डोंगराकडची, मधे खांब. दोन्ही ओळींना फिरायला आपापली वाट. आणि रीत अशी, की सगळ्यांच्या पानात सगळं पडल्याशिवाय, श्लोक म्हटल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. भात वाढून झाला होता. आमटी राहिली होती.

महाराजांनी दोन बादल्या, दोन ओगराळी दोघांच्या हातात दिली.

"नदीकडच्या ओळीनं जायचं. उत्तमराव पुढं, तन्मय मागं. एकमेकांची संगत सोडायची नाही."

"दोघांनी एकाच ओळीत?"

"जोडीनं."

निघाले. तांबट वाकून भाताच्या आळ्यात आमटी ओतत, पुढे सरकत. मागून तन्मय पोचे, तर पानावर आडवा हात. "झालं, झालं." पुढच्या पानावर पुन्हा आडवा हात. त्याच्या बादलीतला थेंब कमी होईना. पुढे जावं तर तांबट वाटेत, आणि वाट एकट्यापुरती.

डोंगराकडच्या ओळीत भात निवत चालला होता.

"आमच्या भाताला आमटीचं तोंड कधी दिसायचं?" बापू चिवट्यांनी खांबाआडून विचारलं. "का मुहूर्त काढायचाय?"

ओळ हसली.

"जरा भराभर चला ना," तन्मय पुटपुटला.

"हात चालतोय तेवढाच चालणार, मालक," तांबट वाकलेलेच म्हणाले. "घाई केली तर धोतरावर जाईल."

आणखी सहा पानं. आणखी सहा आडवे हात. तन्मयच्या कपाळावर घाम आला. बादली जड, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. गेल्या गुरुवारी याच नजरा किती गोड वाटल्या होत्या.

"आरं, दुसरा गडी कशाला घेतलाय?" हौसाक्का दारातून म्हणाल्या. "आमटीला वारा घालायला?"

आता मात्र त्याला राहवेना. तो बादली घेऊन तसाच महाराजांकडे गेला.

"महाराज, याला काही अर्थ आहे का? एकाच वाटेनं दोघं गेलो तर उपयोग काय? एकटे तांबट असते तरी एवढाच वेळ लागला असता. एक असला तरी तेवढाच, दोन असले तरी तेव..."

तो थांबला.

महाराज त्याच्याकडे पाहत होते, फार मायेनं.

"पण जोडी आहे ना..." ते म्हणाले.

तन्मयच्या हातातलं ओगराळं बादलीत सुटलं. आमटीचा शिंतोडा सदऱ्यावर उडाला, तोही त्याला कळला नाही.

कारण त्याला ठाऊक होतं. हेच तर दुःख. कंपनीत नव्यानं लागलेल्या पोरांना त्यानं स्वतः शिकवलेलं होतं. डब्यात पट्ट्यांना चार खाचा असतात. पहिल्या दोन खाचांची वाट एक, पुढच्या दोन खाचांची वाट दुसरी. दोन पट्ट्या दोन वाटांवर बसवल्या तर दोघी एकाच वेळी काम करतात. एकाच वाटेवर शेजारी बसवल्या, तर एक वाढते तेव्हा दुसरी बादली धरून उभी राहते. पुण्यात त्याच्या कामावरच्या डब्यांत खाचांना वेगवेगळे रंग असत, म्हणून कधी विचार करावा लागला नव्हता. या डब्यात चारही काळ्या.

तो बादली खाली ठेवून खोलीकडे धावायला निघाला.

"तन्मय," महाराज म्हणाले. "डोंगराकडची ओळ उपाशी आहे."

तो परत फिरला. बादली उचलली आणि खांबांच्या पलीकडच्या वाटेला लागला. आळं, ओगराळं, आळं, ओगराळं. इकडे तांबट, तिकडे तन्मय. दोघं टोकाला पोचले ते जवळजवळ एकदमच.

"आली बाबा एकदाची," बापू चिवटे म्हणाले.

तन्मयनं पुन्हा दाराकडे पाहिलं.

"ताक राहिलंय," महाराज म्हणाले.

ताकही वाढलं. श्लोक झाला, घास उचलले गेले. तेव्हा कुठे महाराजांनी मान हलवली, आणि तन्मय जो सुटला तो अनवाणीच.

खोलीत जाऊन त्यानं वायर काढली, डबा आडवा केला, झाकण उघडलं. कुंकवाची टिकली अजून होती. पट्ट्या शेजारी शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून. त्यानं दुसऱ्या खाचेतली तशीच ठेवली. पहिलीतली काढून चौथीत बसवली. दोन्ही टोकांना टक् टक् आवाज झाला. वायर लावली, बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला.

अर्धं मिनिट गेलं. आठ महिन्यांत त्यानं देवाकडे इतक्या मनापासून काही मागितलं नव्हतं. आणि गंमत बघा, वेग वाढू दे असं मागायचं सोडून तो मनात म्हणत होता, पट्ट्या खऱ्या निघू देत. त्या माणसाचा माल खरा निघू दे.

पडदा उजळला. त्यानं वेगाची चाचणी लावली. आकडा आला तो आधीच्या जवळपास दुप्पट. बाडाचं एक पान उघडून पाहिलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर.

तन्मय खुर्चीत बसून एकटाच हसला. मग हसू थांबलं. त्याला फार लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं तरी चालेल, त्यामुळे ती कशी आवरायची तेही कळेना.

पडवीत पंगत ताकभातावर आली होती. तन्मय मधल्या खांबापाशी जाऊन उभा राहिला, गेल्या गुरुवारी होता तिथंच.

"मंडळी, मागच्या गुरुवारी मी इथं उभा राहून उत्तमरावांच्या मालाला खोटं म्हणालो. माल खरा आहे. मीच तो चुकीच्या जागी बसवला होता. ते बघू द्या म्हणत होते, ते मी बघू दिलं नाही."

भुरके थांबले.

हौसाक्का पदर तोंडाला लावून पुढे आल्या. "शेजारी बसव म्हनून मीच बोलले रे... माझ्यापायी झालं का?"

आता इथे एक सोपी पळवाट होती, आणि ती त्याला दिसलीही. खोटं कशाला सांगू, क्षणभर त्यानं तिकडे पाहिलं.

"नाही अक्का," तो म्हणाला. "तुम्ही कुंकू लावलंत. खाच मी निवडली."

मग तो उत्तम तांबटांकडे वळला, वाकून त्यांच्या पाया पडू लागला. तांबटांनी त्याला मधेच धरलं.

"राहू द्या, मालक. आमटीचे हात आहेत." आणि मग हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं, "आणि ते... पत्र?"

तन्मयला त्या एका शब्दात सगळा आठवडा ऐकू आला.

"थांबा," तो म्हणाला.

त्या मठात महाराज शेवटच्या पंगतीला बसतात, वाढणाऱ्यांबरोबर. पहिली पंगत उठली, हात धुतले गेले. जाता जाता बापू चिवट्यांनी तांबटांना थांबवून घरच्या छापायच्या यंत्राचं काहीतरी दुखणं सांगितलं आणि उद्या दुकानात घेऊन येतो म्हणाले. तांबट इतके भरभर हो हो म्हणाले, की चिवटे चकित झाले. पडवी झाडून झाली. शेवटच्या पाच पत्रावळी मांडल्या गेल्या. तन्मय पत्र घेऊन आला आणि महाराजांपुढे बसला. पेनाचं टोपण आताही काढलेलं होतं.

"महाराज, आता सही करा."

तांबटांचा चेहरा उतरला. हौसाक्कांच्या हातातला भाताचा वाडगा हवेतच थांबला.

"वाच," महाराज म्हणाले.

तन्मयनं वाचलं.

"'कळवण्यात येते की, वरून एक दिसते आणि आत दुसरेच असते, असा प्रकार आमच्या अनुभवास आला आहे. तरी यापुढे कोणीही, खात्री करून घेतल्याशिवाय, श्री. तन्मय रेठरेकर यांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.'"

तांबटांचं नाव आणि दुकानाबद्दलचं खोडून वर आपल्याबद्दल लिहिलं होतं, ठसठशीत अक्षरात.

उत्तम तांबट आधी खोकले. मग हसू लागले, आणि इतके हसले की पिशवीचा बंद बोटातून सुटला. हौसाक्काही हसल्या. शेवटी तन्मयलाही आवरेना.

महाराजांनी पत्र हातात घेतलं. पेनाचं टोपण लावून पेन तन्मयच्या खिशात ठेवलं. मग उठले, वाकले, बसायचा पाट एका बाजूनं उचलला, आणि खालचा घडीचा कागद काढून तन्मयच्या हातात दिला.

रंगीत कागद होता. चुरगळलेला, एका कोपऱ्याला शेंगांची फोलं चिकटलेली.

तन्मयनं घडी उलगडली.

आत संगणकाच्या डब्याचं चित्र होतं. चार काळ्या खाचा. दुसरीवर आणि चौथीवर मोठाले हिरवे बाण. खाली एका ओळीत लिहिलेलं, की दोन पट्ट्या असतील तर आधी या दोन खाचा भराव्यात.

त्यानं दोन्ही बाणांवर एकेक बोट टेकवलं.

"महाराज... तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला कुठली इंग्रजी येतेय बाबा," महाराज म्हणाले. "केरात पडला होता. पाट डुगडुगत होता."

त्यांनी तन्मयच्या पत्राची घडी घातली, मग पुन्हा घातली, मग आणखी एकदा. ती पाटाच्या त्याच कोपऱ्याखाली सारली. वर बसले. एकदा डावीकडे झुकून पाहिलं, एकदा उजवीकडे.

पाट हलला नाही.

तन्मय सवयीनं त्यांच्या उजव्या हाताला बसायला गेला, मग थांबला. तिथं त्यानं उत्तम तांबटांना बसवलं. स्वतः भाताचा वाडगा हौसाक्कांच्या हातून घेतला आणि वाढायला वाकला.

"महाराज, बरोबर बसलाय का पाट?"

महाराजांनी पानावरचं मीठ जरा बाजूला सारलं, भाताला जागा केली.

"तुझा कागद चांगला जाड आहे," ते म्हणाले. "पुष्कळ दिवस पुरेल."